अभ्यासकेंद्राचा रविवार

दूरशिक्षणाची गोष्ट उपग्रह आणि संगणकापासून सुरू केली की मला राहवत नाही. इस्लामपुरात मी नोकरीभर इतिहास शिकवला. सोमवार ते शनिवार नियमित पोरांना, आणि रविवारी त्याच बाकांवर बसलेल्या मुक्त विद्यापीठाच्या मोठ्या माणसांना. त्या रविवारांनी मला शिकवलं की आमच्या वाळवे तालुक्यात ही गोष्ट ऐतवडे बुद्रुकपासून सांगावी लागते.

कर्मवीर भाऊराव पाटील जन्मले कुंभोजला, पण घराणं ऐतवडे बुद्रुकचं. 1919 साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. तेव्हा सातारा-सांगली एकच होतं. 1949 मध्ये जिल्हा तुटला, आमचा भाग दक्षिण सातारा झाला आणि 1960 ला सांगली. भाऊरावांचा हिशेब सरळ होता. पोर शाळेपर्यंत येऊ शकत नसेल तर पोराला दोष द्यायचा नाही, व्यवस्था बदलायची. त्यासाठी वसतिगृह काढायचं, ‘कमवा आणि शिका’ सुरू करायचं. पण या व्यवस्थेतून एक माणूस सुटत होता. ज्याचं वय उलटलं, ज्याच्या गळ्यात संसार पडला, त्याला वसतिगृहाचा काय उपयोग?

1962 साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि अशांना बहिःस्थ म्हणून परीक्षेला बसायची वाट मिळाली. वाट होती, वाटाड्या नव्हता. फॉर्म भरायचा, कुणाच्या तरी वह्या उतरवायच्या, गाईड पाठ करायचं आणि नशीब अजमावायचं.

ही उणीव ज्यांनी ओळखली त्यांचं नाव प्राचार्य राम ताकवले. माणूस भौतिकशास्त्राचा. 1978 ते 1984 पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. एवढं मोठं विद्यापीठ सांभाळलेल्या माणसाने पुढे निवांत राहायला हरकत नव्हती. पण 1 जुलै 1989 रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा पहिले कुलगुरू म्हणून त्यांनी पुन्हा शून्यापासून मांडामांड केली. ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ 1969 चं, हैदराबादचं 1982 चं, दिल्लीचं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ 1985 चं. नमुने समोर होते. तरी महाराष्ट्राला जे लागणार होतं ते इथेच घडवावं लागलं, आणि तेही मराठीत. विद्यापीठाला नाव मिळालं ते देवराष्ट्र्याच्या यशवंतरावांचं, म्हणजे आमच्याच मुलखातल्या माणसाचं. ब्रीद ठरलं, ‘ज्ञानगंगा घरोघरी’.

त्यातलं तंत्रज्ञान कुठलं, असं विचारलं तर मी कपाटातून मुक्त विद्यापीठाचं एक पुस्तक काढून दाखवतो. मुखपृष्ठ उलटलं की लेखक आणि संपादकाच्या नावांसोबत आणखी एक नाव दिसतं, अनुदेशन तंत्र संपादकाचं. हा माणूस विषय तपासत नाही. शेजारी शिक्षक नसताना वाचणारा कुठे अडेल, ते तो तपासतो. म्हणून प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मग थोडा मजकूर, लगेच स्वयंअध्ययनाचे प्रश्न, आणि त्यांची उत्तरं घटकाच्या शेवटी. शब्द अवघड असेल तर त्याचा अर्थही तिथेच. माझ्या नियमित वर्गातल्या क्रमिक पुस्तकांत ही काळजी कुणी घेतली नव्हती. खरं सांगायचं तर मीही माझं शिकवणं या पुस्तकांवरून सुधारलं. दहा मिनिटं बोलायचं, थांबायचं, विचारायचं, मग पुढे जायचं.

रविवारच्या संपर्कसत्राला येणारी मंडळी पाहण्यासारखी होती. साखर कारखान्यातली रात्रपाळी उरकून, डोळे तांबडे घेऊन आलेले कामगार. पेठ नाक्यावर एसटी बदलून येणाऱ्या अंगणवाडी सेविका. शाळा सुटली ती लग्नामुळे सुटली, अशा बायका. बारावी नसली तरी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून त्या बी.ए.ला बसत. ऊस, द्राक्षं लावणारे शेतकरी उद्यानविद्येची चौकशी करायला यायचे. एक बाई कायम खिडकीशी बसायच्या. ब्रिटिश राजवटीला समांतर उभ्या राहिलेल्या प्रति सरकारचा घटक चालू होता. मी क्रांतिसिंह नाना पाटलांचं येडे मच्छिंद्र फळ्यावर लिहिलं, तशा त्या उठल्या आणि म्हणाल्या, “सर, आमच्या सासऱ्यांच्या घरी रात्री भूमिगत जेवायला यायचे. आत्याबाई अजून सांगतात.” मग तासभर त्याच बोलल्या आणि मी टिपणं घेतली. पुढच्या रविवारी आणखी दोघं-तिघं घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून आले. असा तास अठरा वर्षांच्या मुलांबरोबर मला क्वचितच मिळाला.

यंत्रंही होतीच. 15 ऑगस्ट 1984 पासून दूरदर्शनवर विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम लागायचे. ते इंग्रजीत आणि दुपारी. आमचा विद्यार्थी तेव्हा शेतात नाहीतर कामावर. ध्वनिफिती आल्या, चित्रफिती आल्या, पुढे एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गल्लीबोळांत संगणक आणला. ताकवले 1995 ते 1998 दिल्लीच्या मुक्त विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि संगणकाच्या जाळ्याने शिक्षण कसं बदलेल याचा विचार ते शेवटपर्यंत करत राहिले. मे 2023 मध्ये ते गेले. त्यांच्या कामाची थोरवी मला यात दिसते की त्यांनी यंत्राआधी रचना उभी केली. नाशिकला मुख्यालय, कोल्हापूरला विभागीय केंद्र आणि इस्लामपूरसारख्या गावात दारावर पाटी लावलेलं अभ्यासकेंद्र, जिथे जाऊन ‘मला हे कळलं नाही’ म्हणता येतं.

आमच्या विद्यार्थ्यांच्या कपाळी मात्र वर्षानुवर्षं एकच शिक्का होता: बाहेरून केलंय. नोकरीच्या मुलाखतीत, सोयरिकीच्या बैठकीत, कधीकधी आमच्याच स्टाफरूममध्येही. हा अन्याय होता आणि मी तो सहन केला नाही. त्यापायी सहकाऱ्यांशी भांडलोही आहे. रात्रपाळी करून पदवी घेणाऱ्याची पदवी हलकी कशी? 2020 च्या टाळेबंदीत नियमित महाविद्यालयांची मुलंही घरात बसून शिकली, तेव्हा दूर राहून शिकणं किती कठीण असतं ते सगळ्यांना कळलं. सप्टेंबर 2022 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने स्पष्ट केलं की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ वा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीचीच. ती सूचना मी छापून घेतली आणि जुन्या विद्यार्थ्यांपैकी जे भेटतील त्यांच्या हातात ठेवत गेलो. खिडकीशी बसणाऱ्या बाईंनी ती दोनदा वाचली आणि सुनेचा प्रवेश अर्ज कुठे मिळेल ते विचारलं.