तळटीप : ‘विलायतेचे कोरिंथियन’

‘विलायतेचे कोरिंथियन’ : वाटूर (ता. परतूर) १९४८पर्यंत निजामाच्या मुलखात होते. तिथल्या जुन्या पिढीने फुटबॉलची कीर्ती ऐकली ती बहुधा हैदराबादकडून किंवा मुंबईच्या रोव्हर्स चषकाकडून. ही स्पर्धा १८९१ची, आणि आरंभी तिच्यावर गोऱ्या पलटणींचाच ताबा.

लेखकाला अभिप्रेत आहे तो संघ इझलिंग्टन कोरिंथियन्स. १८८२चा मूळ कोरिंथियन क्लब वेगळा. ती विद्यापीठांत शिकलेली बडी मंडळी; सभ्य माणूस मुद्दाम आगळीक करणारच नाही, या भावनेने त्यांनी पेनल्टीलाच नाक मुरडले, असे सांगतात. इझलिंग्टनचा क्लब १९३२चा, लंडनचा. खेळाडू हौशी, खेळाचा पगार न घेणारे. १९३७-३८मध्ये त्यांनी बोटीने जगाची फेरी केली. तिच्यात हिंदुस्थानचा मुक्काम मोठा, आणि इथे त्यांना हरवले ते एकट्या ढाक्याने, १-० असे, पाखी सेनच्या गोलवर. आपल्याकडे १९११च्या मोहन बागानच्या विजयाचे गोडवे गातात, ढाक्याचा विजय मात्र कुणाच्या गावीही नसतो. हे काही बरे नव्हे.

या संघातला जॉनी शेरवूड पुढे रेडिंगकडून व्यावसायिक फुटबॉल खेळला. महायुद्धात सिंगापूर पडले तेव्हा तो जपान्यांच्या कैदेत सापडला. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर त्याला राबवले गेले. तिथून तो जिवंत परतला.
— संपादक