पशुवैद्यक मिशनरी : परदेशातील एक अल्पपरिचित सेवाकार्य

मिशनरी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शाळा, दवाखाना किंवा अनाथाश्रम उभा राहतो. आजारी गाईशेजारी चिखलात गुडघे टेकून बसलेला मिशनरी सहसा आपल्या कल्पनेत येत नाही. तरीही आफ्रिकेतील पशुपालक जमातींमध्ये आणि कॅरिबियन बेटांवर अनेक ख्रिस्ती पशुवैद्यांनी हेच आपले पाचारण मानले. त्यांच्या कार्याची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

पार्श्वभूमी

शब्बाथ दिवशी विहिरीत पडलेल्या बैलाला कोण बाहेर काढणार नाही, असा प्रश्न प्रभू येशूने विचारला होता (लूक १४:५). दक्षिण सुदानमधील डिंका वा युगांडातील करामोजोंग लोकांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. दूध हे त्यांचे अन्न, गुरे हीच त्यांची बचत आणि विवाहात वधूमूल्यही गुरांच्याच रूपात. तेथे गाय वाचली तर कुटुंब वाचते.

१९४४ साली डॅन वेस्ट या अमेरिकन ख्रिस्ती शेतकऱ्याच्या प्रेरणेने पोर्टो रिको बेटावर कालवडींची पहिली तुकडी पाठवण्यात आली. गाय मिळालेल्या कुटुंबाने तिची पहिली कालवड दुसऱ्या गरजू कुटुंबास द्यावी, हा या ‘हेफर’ प्रकल्पाचा नियम. पुढे १९७६ मध्ये डॉ. लेरॉय डॉर्न या अमेरिकन पशुवैद्याने ‘ख्रिश्चन व्हेटरिनरी मिशन’ सुरू केले. ही दोन्ही कार्ये प्रोटेस्टंट बंधुभगिनींनी उभारली असली, तरी आपणही त्यांपासून पुष्कळ शिकू शकतो.

दैनंदिन जीवन

पशुवैद्यक मिशनरीचे पहिले काम म्हणजे भाषा शिकणे. पशुपालकांकडे प्रत्येक रोगासाठी स्वतःचा शब्द असतो आणि तो जाणल्याशिवाय निदान होत नाही. लसीकरण पहाटे, कळप चरायला निघण्यापूर्वी उरकावे लागते. लस थंड ठेवण्यासाठी वीज नसते, रस्ते पावसात बंद होतात, गुरांच्या लुटीतून जमातींमध्ये रक्तपात होतो. फाशी, पिसाळ, सांसर्गिक गर्भपात हे रोग जनावरांकडून माणसांना होत असल्याने वैद्याचा स्वतःचा जीवही धोक्यात असतो.

हैतीचा धडा

१९७० च्या दशकाच्या अखेरीस हैतीत ‘आफ्रिकन स्वाइन फीवर’ हा डुकरांचा रोग पसरला. तो इतरत्र जाऊ नये म्हणून परदेशी मदतीने १९८३ पर्यंत तेथील काटक देशी डुकरांची सरसकट कत्तल झाली. गरिबाच्या घरचे डुक्कर ही त्याची बँक होती. मुलांची फी आणि आजारपणाचा खर्च त्यातून निघे. बदल्यात आलेल्या अमेरिकन डुकरांना पक्का गोठा आणि विकतचा खुराक लागे. लोक त्यांना उपहासाने ‘चार पायांचे राजपुत्र’ म्हणत. गरिबांना न विचारता त्यांच्या हिताचे निर्णय घेतले की काय घडते, याचे हे उदाहरण आहे. याच देशात ख्रिस्ती पशुवैद्यांनी गावातील शेतकऱ्यांनाच पशुसेवक म्हणून प्रशिक्षण देण्यात मोलाचा वाटा उचलला.

बुळकांडीचा अंत

स्थानिक पशुसेवकांची ही पद्धत किती प्रभावी ठरू शकते, हे बुळकांडीच्या निर्मूलनात दिसले. १८८७ नंतर या रोगाने इथिओपियातील बहुतेक गुरे मारली आणि भीषण दुष्काळ पडला. १९९० च्या दशकात उष्णतेतही टिकणारी लस उपलब्ध झाली. युद्धग्रस्त दक्षिण सुदानमध्ये पशुपालकांतूनच निवडलेल्या सेवकांनी ती गुरांच्या तळांवर पोहोचवली. या कार्यातील स्वयंसेवी संस्थांमध्ये काही ख्रिस्ती संस्थाही होत्या. भारत २००६ मध्ये, तर संपूर्ण जग २०११ मध्ये बुळकांडीमुक्त घोषित झाले. देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा झालेला हा दुसरा रोग.

सेवेची कसोटी

औषध फुकट द्यावे की मोल घ्यावे? फुकट वाटल्यास गावातील पशुसेवकाची उपजीविका बुडते. मोल घेतल्यास सर्वांत गरीब मागे राहतो. म्हणून अनेक ठिकाणी अल्प शुल्क आकारले जाते. दुसरी कसोटी अधिक नाजूक आहे. उपचार हे धर्मांतराचे आमिष होता कामा नये. ज्याची गाय आजारी आहे त्याचा धर्म कोणताही असो, लस तीच आणि आस्थाही तीच. या सेवेचे हेतू विचारले गेले, तर मिशनरीने आपल्या श्रद्धेची साक्ष मोकळेपणाने द्यावी. न विचारल्यास त्याचे हातच बोलतात.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीची हाक आणि गरिबांची हाक एकच असल्याचे सांगितले. पशुवैद्यक मिशनरी या दोन्ही हाका एकाच गोठ्यात ऐकतो. आपल्या धर्मग्रामांतील जे तरुण-तरुणी पशुवैद्यकाचे शिक्षण घेत आहेत, त्यांनी आपल्या पदवीकडे या दृष्टीनेही पाहावे, असे आम्हांला मनापासून वाटते. गाईच्या श्वासाने उबदार झालेल्या गोठ्यात जन्मलेल्या बाळाची आठवण दर नाताळात करणाऱ्या आपल्याला ही सेवा परकी वाटू नये.