पॉकेट केवढं असावं?

परवा नातवाबरोबर पूलचा सामना बघत बसलो होतो. तो म्हणाला, "आजोबा, हल्ली काही मोठ्या स्पर्धांत कोपऱ्यातली पॉकेट्स साडेचार इंचांवरून चार इंचांवर आणलीत. बॉल सव्वादोन इंचांचा. आता भलेभले चुकतात!" यात आनंद कसला, ते मला आधी कळेना. मग बिलियर्ड्सचा इतिहास आठवला.

माझा या खेळाशी संबंध विल्सन जोन्सपुरता. पुण्यात जन्मलेला हा माणूस १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी विजेता झाला, त्या कौतुकापोटी पुढे थोडंफार वाचलं. त्यात टॉम रीस भेटला.

१९०७ साली लंडनमध्ये रीसने दोन बॉल पॉकेटच्या तोंडाशी अडकवले आणि आपल्या बॉलने त्यांना हलकेच स्पर्श करत राहिला. दर वेळी दोन गुण, आणि जागचं काही हलत नाही. पाच आठवड्यांत गुण झाले ४,९९,१३५! प्रतिस्पर्धी जो चॅपमन नुसता बसून. प्रेक्षक आणि वार्ताहर पूर्णवेळ हजर नव्हते, म्हणून विक्रम अधिकृत धरलाच नाही. त्याच वर्षी ती युक्ती बंद झाली.

पुढे १९३२ साली ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रमने एका खेपेत ४,१३७ गुण केले. नियम पुन्हा कडक झाले. पण १९३४ नंतर व्यावसायिक जागतिक स्पर्धा थेट १९५१ साली झाली. लोक स्नूकरकडे वळले होते. कसब भरपूर होतं, पण 'आता काय होईल?' ही उत्सुकताच संपली होती.

नातवाचं म्हणणं पटलं. पण तोच पुढे म्हणाला, "फार लहान केली तर मात्र सगळे घाबरून खेळतील. तेही कंटाळवाणंच."

हे ऐकून एक जुनी गोष्ट टोचली. एका वर्षी, मुलांना इतिहास फार सोपा वाटतो म्हणून, नववीचा सहामाहीचा पेपर मी मुद्दाम अवघड काढला. निम्मा वर्ग नापास. त्यातली एक मुलगी दिवाळीनंतर शाळेत आलीच नाही. कारण दुसरंही असेल. मी विचारायला गेलो नाही. पॉकेट लहान करायचं ते कधीच न चुकणाऱ्यांसाठी. मी ते नवशिक्यांसाठी केलं.

असो. मंडळी, तुमच्यात कोणी शिक्षक असाल तर सांगा, पेपर काढताना तुम्ही हे कसं ठरवता?