चौदा खोल्यांची वही

मागल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून मामांची पत्र्याची ट्रंक खाली काढली. जुनी कापडे, देव्हाऱ्याचे एक मोडके दार आणि तळाशी लाल कापडी पुठ्ठ्याची वही. पहिल्या पानावर ‘श्री’, त्याखाली ‘चाळ गिरगाव, खोल्या १४’ आणि साल १९३८. अक्षर माझ्या आईच्या आजोबांचे. कोकणातली भाताची जमीन विकून आणि थोडे कर्ज काढून त्यांनी पंधरा हजारांत ही चाळ उभी केली होती. दर खोलीस महिना नऊ रुपये, म्हणजे चौदा खोल्यांचे १२६ आणि वर्षाचे १५१२. गुंतवलेल्या पैशावर शेकडा दहा. जमाखर्चाच्या पहिल्या पानावरच त्यांनी हा हिशेब मांडून खाली दुहेरी रेघ ओढली होती. त्या रेघेत माणसाचे समाधान दिसत होते.

पुढे मी वहीची पाने उलटत गेलो. १९४५, १९५५, १९६५. कराच्या वाढीपोटी वाढलेले आणे सोडले, तर भाडे तेच. १९६७ साली जिन्याच्या लाकूडकामाला आणि छपराला ९०० रुपये लागले. चाळीच्या सात महिन्यांच्या भाड्याहून ते जास्त होते. तिथपासून दुरुस्तीच्या नोंदी विरळ होत जातात आणि अखेर थांबतात.

ही वही मी एरवी बाजूला ठेवली असती. परंतु तेव्हा मी स्वतःच घरमालकीच्या उंबरठ्यावर ठेचाळलो होतो. मी शाळामास्तर. शिल्लक म्हणून जे काही होते ते आणि कादंबऱ्यांच्या मानधनातून वाचलेले मिळून तीन वर्षांपूर्वी बदलापुरात एक लहानशी सदनिका घेतली, भाड्याने देण्यासाठी. किंमत तीस लाख, त्यातले पंधरा लाख कर्जाचे. महिना आठ हजार भाडे येणार, हे ऐकून मीही पणजोबांसारखीच दुहेरी रेघ ओढली होती. त्या रेघेचे पुढे काय झाले ते सांगण्याआधी मुंबईत भाड्याचा धंदा कसा वाढला, हे पाहू या. कारण माझी चूक नवी नव्हती.

१८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतली पहिली कापडगिरणी काढली. एक वर्ष आधी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ मध्ये इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच तो फुगा फुटला. पण गिरण्या राहिल्या, वाढल्या, आणि त्यांच्यामागे कोकणातून, घाटावरून माणसे आली. त्यांना निवारा हवा होता. काही गिरण्यांनी चाळी बांधल्या. बहुतेक चाळी मात्र खासगी मालकांनी भाड्याच्या उत्पन्नासाठी बांधल्या. चाळीची रचनाच त्या हिशेबाची होती: एका लांब सज्जावर ओळीने खोल्या, टोकाला नळ आणि संडास सगळ्यांचे सामाईक. कमी जागेत अधिक बिऱ्हाडे, आणि बिऱ्हाड गेले तर दुसरे आणणे सोपे. एका खोलीत एक कुटुंब, आणि कधी कधी गावाकडचे चार पाहुणे वर्षानुवर्षे.

या हिशेबाला पहिला तडाखा १८९६ मध्ये बसला. मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले, आणि पुढच्या काही महिन्यांत शहरातली माणसे गावांकडे पळाली. चाळी ओस पडल्या. ज्यांनी भाड्याच्या भरवशावर कर्ज काढले होते, त्यांना रिकाम्या खोलीचे भाडे कोणी देत नाही, हे तेव्हा कळले असेल. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि अंधाऱ्या, कोंदट वस्त्यांतून त्याने नवे रस्ते काढले. दादरच्या वसाहती याच काळातल्या प्रयत्नांतून उभ्या राहिल्या.

पहिल्या महायुद्धात उलटेच झाले. बांधकाम थांबले, माणसे वाढली, भाडी भडकली. तेव्हा सरकारने १९१८ साली मुंबईत भाड्यावर बंधन घालणारा पहिला कायदा केला. पुढे १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले, आणि सरकार स्वतःच नवखा घरमालक झाले. त्याचा खर्च अंशतः कापसाच्या दर गाठीमागे एक रुपयाच्या कराने भागवायचा होता. बेत होता पन्नास हजार खोल्यांचा. लढाईनंतरची महागाई आणि काँक्रीटचे काम यांमुळे खोली महाग पडली. ते भाडे गिरणीकामगाराला पेलेना. कामगार स्वस्त चाळीतच राहिला, आणि वरळीच्या नव्या चाळींतल्या कित्येक खोल्यांना कुलपे लागली. अखेर २०७ चाळी आणि सोळा हजारांच्या आसपास खोल्या एवढ्यावर काम आटोपले. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा तुरुंग म्हणून उपयोग झाला! सरकारच्या हाती तिजोरी होती आणि अभियंते होते. पण खोलीत राहणारा माणूस महिन्याला किती देऊ शकेल, हा प्रश्न आधी विचारला गेला नव्हता. नवख्या मालकाची ही पहिली चूक सरकारलाही चुकली नाही.

पणजोबांची चाळ १९३८ ची. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा टंचाई आली. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे ठरवताना १ सप्टेंबर १९४० ही तारीख धरली. त्या दिवशी जे भाडे होते, ते मुळाशी गोठले. पणजोबांचे नऊ रुपये त्या तारखेत सापडले आणि तिथेच थिजले. गहू, तेल, सिमेंट, गवंड्याची मजुरी, सगळे वाढत गेले. खोली मात्र नऊ रुपयांची.

आपल्या वाङ्मयात चाळीतल्या बिऱ्हाडकरूंना पुष्कळ प्रेम मिळाले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ने १९५८ साली त्यांना महाराष्ट्राच्या घराघरांत नेऊन बसवले. मालकाची वही वाचावी असे कोणाला वाटले नाही, आणि त्यात नवलही नाही. मालक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पोट सुटलेला शेटजीच येतो. जमीन विकून आलेला, आणि सात महिन्यांचे भाडे जिन्याला घालणारा माणूसही मालक असू शकतो, हे आपण विसरतो.

कायद्याने बांधलेला व्यवहार मग मागल्या दाराने चालू लागला. भाडे नाममात्र, पण खोली हातात देताना पागडी. ती घेणे गुन्हा होता. तरीही ती सर्वत्र होती. मालकाने दुरुस्ती सोडली, भाडेकरूने खोली सोडली नाही, आणि इमारत मधल्यामधे झिजत गेली. पडझड इतकी वाढली की १९६९ साली सरकारला जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी वेगळे मंडळ नेमावे लागले आणि त्यासाठी उपकर बसवावा लागला. काही मालकांनी भाडेकरू नको म्हणून ‘परवान्या’वर जागा द्यायला सुरुवात केली होती. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या अशा परवानाधारकांनाही भाडेकरू ठरवले. कागदावर लिहिले ते एक आणि कायदा म्हणाला ते दुसरे. त्यानंतर अनेक मालकांनी जागा कुलूप लावून ठेवणे पसंत केले, यात नवल ते काय?

शेवटी १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात म्हटले की, इतकी वर्षे गोठलेले हे भाडे आता न्याय्य राहिलेले नाही. महाराष्ट्राचा १९९९ चा भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाड्यात वर्षाला शेकडा चार वाढ घेण्याची मुभा त्याने दिली, पागडीही कायदेशीर केली. पण नऊ रुपयांवर शेकडा चार म्हणजे ३६ पैसे! माझ्या मामांनी तोवर चाळ एका बांधकाम व्यावसायिकाला दिली होती. मालकाच्या नातीचे, म्हणजे माझ्या आईचे, लग्न गिरणीकामगाराशी झाले, यातच त्या चाळीच्या उत्पन्नाची सारी कथा आली.

आणि इथेच मला थांबावे लागते. कारण मी वाढलो तो लालबागच्या एका चाळीत, भाडेकरूच्या खोलीत. भाडे बारा रुपये. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. वडिलांचा पगार थांबला, आणि पुढे नोकरीही गेली. आईने पापड लाटले, शेजारच्या मुलांचे डबे केले. त्या पैशांत बारा रुपये भाडे निघत होते. बाजारभावाने भाडे असते, तर आम्ही गावी परतलो असतो, आणि मी मास्तर झालो नसतो. आमच्या चाळीचा मालक आम्हाला कधी दिसला नाही; त्याचा गुमास्ता यायचा, पावती फाडायचा. त्या मालकाच्या घरीही अशीच एक वही असेल, हे मला तेव्हा कोण सांगणार?

म्हणून वही हातात घेऊन मी कोणाच्या बाजूने बोलू, हे मला कळत नाही. पणजोबांवर अन्याय झाला, हे खरे. तोच अन्याय आमच्या घरात आधार होऊन आला, हेही खरे. गरिबाला घर देण्याचे काम समाजाचे होते. ते समाजाने काही हजार लहान मालकांच्या खांद्यावर ठेवले, आणि पुढली पन्नास वर्षे त्याकडे पाहिले नाही. त्यामुळे शेवटी इमारतच कोसळली, मालकाची आणि भाडेकरूचीही.

आता माझ्या सदनिकेचा हिशेब. आठ हजारांप्रमाणे वर्षाचे ९६,०००. त्यातून सोसायटीचे १८,०००, घरपट्टी ४,०००, एक महिना जागा रिकामी म्हणून ८,०००, दलालाचे एक महिन्याचे ८,०००, रंग आणि नळदुरुस्तीचे ८,०००. उरले ५०,०००, तीस लाखांवर शेकडा पावणेदोनही नाही. पंधरा लाखांच्या कर्जावर साडेआठ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याजच जवळजवळ १,२७,५०० होते. पणजोबांनी फक्त भाडे मोजले. मीही तेच केले. ज्याला हा व्यवसाय करायचा आहे, त्याने हे आकडे घर घेण्याआधी मांडावेत, नंतर नव्हे.

दुसरी चूक माझी एकट्याची. पहिला भाडेकरू ओळखीचा, म्हणून करार नोंदवला नाही. त्याने पाच महिने भाडे थकवले. अनामत सोळा हजार होती, थकले चाळीस. चोवीस हजार बुडाले. त्या वर्षी मुलाच्या शिक्षणाचा हप्ता भरण्यासाठी पत्नीची पाटली गहाण पडली. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी १९९९ च्या कायद्याने मालकावरच टाकली आहे, आणि ती पाळली नाही तर भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, हे मला वकिलाने तेव्हा सांगितले. शिकलेल्या माणसाने हे वाचायला नको होते का?

दुसऱ्या भाडेकरूशी रीतसर करार झाला. तो तरुण माणूस, घरात आई आणि दोन वर्षांची मुलगी. करारावर सही करताना त्याच्या आईने मला विचारले, “मास्तर, अकरा महिन्यांनी आम्हाला काढणार तर नाही ना?” माझ्या आईचा आवाज मला तिच्यात ऐकू आला. मी म्हटले, “भाडे वेळेवर द्या. दुरुस्तीचे माझ्यावर सोडा.” दरवर्षी भाडे थोडे वाढवायचे, हेही त्याच दिवशी बोलून करारात घातले. ना नऊ रुपयांवर गोठायचे, ना बाजारभावाने माणूस उठवायचा.

वही मी पुन्हा ट्रंकेत ठेवली नाही. तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर माझ्या सदनिकेचा जमाखर्च लिहितो आहे. दुहेरी रेघ अजून ओढलेली नाही. कर्ज फिटल्यावर, आणि पहिली मोठी दुरुस्ती झाल्यावर, पाहू.