स्क्रिब्युन्टोमधील सामायिक फंक्शन

स्क्रिब्युन्टो हा मीडियाविकी या सॉफ्टवेअरचा एक विस्तार असून त्याद्वारे विकिपानांवर लुआ या भाषेतील आज्ञावली चालवता येते. विकिमीडियाच्या प्रकल्पांवर तो २०१३ पासून वापरात आहे. मराठी विकिपीडियावर अशा आज्ञावली 'विभाग' या नामविश्वात ठेवल्या जातात.

स्वतंत्र पर्यावरण

साच्यातून विभागाला केलेले प्रत्येक आवाहन स्वतंत्र पर्यावरणात चालते. एका आवाहनात निर्माण झालेले चल किंवा फंक्शन दुसऱ्या आवाहनाला उपलब्ध नसते. त्यामुळे एका साच्याचा दुसऱ्यावर अनपेक्षित परिणाम होत नाही.

फंक्शन उपलब्ध करणे

समजा, वळ (भिवंडी) यासारख्या गावांच्या लेखांत लोकसंख्या देवनागरी अंकांत दाखवायची आहे. अंकांचे रूपांतर करणारे फंक्शन स्वतंत्र विभागात लिहून ते सारणीच्या रूपाने परत केले जाते व इतर विभाग ते 'रिक्वायर' या आज्ञेने मागवतात. हे फंक्शन प्रत्येक आवाहनात नव्याने लोड होते. याउलट 'लोडडेटा' ही आज्ञा संपूर्ण पानासाठी माहिती एकदाच लोड करते. मात्र ती माहिती केवळ वाचता येते व तीत फंक्शन ठेवता येत नाही.

मर्यादा

सामायिक विभागातील दुरुस्ती एकाच ठिकाणी करावी लागते. परंतु तेथील चूकही तो वापरणाऱ्या सर्व पानांवर उमटते. म्हणून बदल आधी धूळपाटीवर तपासणे आवश्यक ठरते.