चहाचा पेला आणि नीतीचा निर्णय

धर्म कशावरून ओळखावा, या प्रश्नाच्या उत्तरादाखल आपल्या स्मृतिकारांनी चार आधार सांगितले आहेत : श्रुती, स्मृती, सज्जनांचा आचार आणि आपल्या अंतःकरणाचे समाधान. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातील ही चतुःसूत्री ज्ञातिबांधवांनी अनेकदा ऐकली असेल. परंतु हे चार आधार एकमेकांविरुद्ध उभे राहिले म्हणजे काय करावे, हा खरा पेच आहे. व्यवहारात पहिले दोन शास्त्रीमंडळींच्या स्वाधीन असत, तिसऱ्याचा अर्थ ‘चार माणसे काय म्हणतील’ एवढाच उरे, आणि चौथा मुकाट्याने गळून पडे. ज्ञातिसभांच्या हाती न्यायनिवाड्याचा जो अधिकार परंपरेने आला, त्याचा बराचसा इतिहास या एका वाक्यात येतो. तो पुण्याच्या एका प्रसिद्ध ग्रामण्याच्या आधारे येथे पाहावा, असे आम्ही योजिले आहे.

ता. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली होती. माधवराव रानडे, बाळ गंगाधर टिळक, गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांत होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी घेतली, कोणी पेला नुसता हाती धरून खाली ठेवला. पुढे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव यांच्या खटपटीने उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात झळकली आणि शहरात एकच गहजब उडाला. सनातनी मंडळींनी शंकराचार्यांकडे फिर्याद नेली आणि चौकशीसाठी दोन शास्त्र्यांचे कमिशन बसले. एका पेल्यासाठी एवढा खटाटोप! आज हसू येते खरे. पण ज्याच्या घरी उपाध्याय येणे बंद होई, ज्याच्या मुलीच्या लग्नास पंगतीला कोणी बसत नसे, त्यास ते हसण्यासारखे नव्हते. सन १८५० च्या एकविसाव्या कायद्याने बहिष्कृत मनुष्याचा वारसाहक्क वाचविला होता. शेजार मात्र कोणत्याही कायद्याने वाचविला नव्हता.

या सर्व प्रकरणात एक प्रश्न कोणीच विचारला नाही : त्या चहाने कोणाचे काही नुकसान झाले काय? चहा कोणाच्या हातचा, प्रायश्चित्त कोणते, ते कोठे घेतले, याचीच चर्चा झाली. टिळकांनी शास्त्रार्थाचे उत्तर शास्त्रार्थाने दिले. आपण काशीस प्रायश्चित्त घेतलेले आहे, असे त्यांनी पुढे मांडले. सुधारकांपैकी जे कडवे, त्यांचे म्हणणे असे की, जे पाप नव्हे त्याचे प्रायश्चित्त घेणे हेच पाप. म्हणजे एकाने ग्रंथ प्रमाण मानला, दुसऱ्याने बुद्धी.

रानडे या दोहोंत बसत नाहीत. सन १८९२ मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतले. आपण काही वावगे केले असे त्यांस वाटत होते म्हणून नव्हे, तर आपल्यासोबत अडकलेल्या स्नेह्याची सुटका व्हावी म्हणून, असे रमाबाई रानडे यांच्या आठवणींवरून दिसते. रमाबाईंना स्वतःला ते रुचले नव्हते. सुधारकांच्या गोटातून तर टीकेचा वर्षाव झाला. भित्रेपणाचा आरोप त्या काळी झाला आणि अद्यापही होतो. आम्हांस तो आरोप पुरता पटत नाही.

तथापि रानड्यांच्या पक्षाने बोलताना १८७३ साल विसरून चालणार नाही. विधवाविवाहाच्या चळवळीत ते आघाडीवर होते. प्रथम पत्नी वारली, तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते आणि एखाद्या विधवेशी विवाह करून बोलल्याप्रमाणे वागण्याची संधी समोर होती. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकविली आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. त्याच मुलीने पुढे पुण्याच्या सेवासदनाचे कार्य उभारले, ही गोष्ट वेगळी; ते यश रमाबाईंचे आणि त्यांस शिकविणाऱ्या रानड्यांचे आहे, त्या निर्णयाचे नव्हे.

दोन्ही प्रसंगी रानड्यांनी तत्त्वापेक्षा माणसाचे मन मोठे मानले. मग दोहोंत भेद कोणता? आमच्या मते भेद एवढाच की, चहाच्या प्रकरणात किंमत त्यांनी स्वतः दिली, लौकिकाच्या रूपाने. विवाहाच्या प्रकरणात ती दुसऱ्यांवर पडली : ज्या विधवांना या उदाहरणाने धीर आला असता त्यांच्यावर, आणि एका अजाण मुलीवर. नमते घेणे हे नेहमीच दुबळेपण नसते, पण त्याचा भुर्दंड कोणाच्या माथी बसला हे पाहिल्यावाचून त्यास औदार्यही म्हणता येत नाही.

त्याच पुण्यात, पंचहौदापासून फार दूर नव्हे, गंज पेठेत जोतीराव फुले त्या वेळी आजारी होते. चहापानानंतर सहा-सात आठवड्यांनी, २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते निवर्तले. अर्धांगाने उजवा हात निकामी झाल्यावर डाव्या हाताने लिहिलेले त्यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. सत्याने वर्तणारा कोण, याचे नियम त्यांत त्यांनी स्त्री-पुरुष सर्वांस सारखे लावून सांगितले आहेत. त्यांत पेला कोणाचा हा प्रश्नच उद्भवत नाही. कमिशनच्या शास्त्र्यांना हा ग्रंथ पाहण्याचे कारण पडले नसावे!

पंचवीस वर्षांनी, १९१५ मध्ये, टिळकांचे ‘गीतारहस्य’ बाहेर आले. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या या ग्रंथात त्यांनी ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ या पाश्चात्त्य कसोटीची कसून झडती घेतली. डोकी मोजूनच नीती ठरवावयाची, तर कौरवांच्या अकरा अक्षौहिणी पांडवांच्या सातांहून अधिक होत्या, मग न्याय कोणाकडे? लाच देऊन ट्रामवेची परवानगी मिळविणाऱ्याने शहराची सोय केली, तरी ते कृत्य नीतीचे होत नाही. बाह्य फळापेक्षा कर्त्याची बुद्धी पाहावी, हा त्यांचा सिद्धान्त. तो वजनदार आहे. परंतु बुद्धी पाहणार कोण? ग्रामण्य करणारांचीही बुद्धी धर्मरक्षणाचीच होती, असे ते शपथेवर सांगते. म्हणून बुद्धीबरोबर झळ कोणास लागली हेही पाहावे लागते. एवढ्यापुरता फळाचा विचार टाळता येत नाही, असे आम्ही नम्रपणे सुचवू.

ग्रामण्य ही केवळ पुण्याची अथवा एका वर्णाचीच चाल नव्हे. वाळीत टाकणे, दंड घेणे, रोटीव्यवहार तोडणे हे बहुतेक सर्व जातींच्या पंचायतींनी केले. सन १९४९ मध्ये मुंबई राज्याने बहिष्कारास बंदी करणारा कायदा केला. तो १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द ठरविला. पुढे अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटल्यावर २०१६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा संमत केला. तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. जुन्या प्रायश्चित्ताची दक्षिणा ब्राह्मणांकडे जाई आणि पंचांनी बसविलेला दंड पंचांच्या हाती पडे. या कायद्याखाली वसूल झालेला दंड, सर्व अथवा काही अंशाने, ज्यास वाळीत टाकले त्यास देण्याची तरतूद आहे.