वॉरंटी आहे, पण तुम्ही ‘ग्राहक’ आहात का?

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं की सोफा-कार्पेट धुण्याचं मोठं मशीन वॉरंटीत असताना बंद पडलं आणि कंपनी दाद देईना, तर ग्राहक मंचात जाता येतं का? मी वकील नाही, कोड लिहितो. पण या प्रश्नामागचा इतिहास शोधायला बसलो आणि त्यात अडकलो. कारण सगळा वाद मशीनचा नाहीच, एका व्याख्येचा आहे.

ग्राहक संरक्षण कायदा आला १९८६ साली. त्याआधी खराब माल गळ्यात पडला तर १९३० चा मालविक्री कायदा आणि दिवाणी कोर्ट, एवढाच रस्ता. तिथे किती वर्षं जातात ते काय सांगायचं! नव्या कायद्यात सुरुवातीला तक्रारीला फी नव्हती, वकील लागायचाच असं नव्हतं. फक्त एक ओळ होती: पुन्हा विकण्यासाठी किंवा ‘व्यापारी हेतूने’ माल घेणारा हा ग्राहक नाही. आणि व्यापारी हेतू म्हणजे काय, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. व्हेरिएबल वापरलंय, पण डिक्लेअर केलेलं नाही.

मग व्हायचं तेच झालं. १९९१ मध्ये सिंको टेक्स्टाइल्स विरुद्ध ग्रीव्हज कॉटन या प्रकरणात राष्ट्रीय आयोगासमोर खाद्यतेलाच्या कारखान्यासाठी घेतलेल्या जनरेटरचा वाद आला. आयोग म्हणाला, हा व्यापारी हेतू, तुम्ही ग्राहक नाही. कारखान्यापुरतं ठीक आहे हो. पण शिलाई मशीन घेऊन घर चालवणाऱ्या बाईचं काय? रिक्षावाल्याचं काय? कमाईसाठीच घेतलंय ना त्यांनीही. म्हणून १९९३ मध्ये कायद्याला स्पष्टीकरण जोडलं गेलं: स्वयंरोजगारातून, केवळ पोट भरण्यासाठी, स्वतः वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरायची नाही.

आता येते खरी केस, आणि ती आपल्या महाराष्ट्राच्या राज्य आयोगातून वर गेलेली. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या लघुउद्योगाने मे १९९० मध्ये पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूटकडे सीएनसी टर्निंग मशीनची ऑर्डर दिली. किंमत २१ लाख. १९९० चे २१ लाख, बरं का! तक्रार अशी की मशीन सहा महिने उशिरा आलं आणि वर सदोष निघालं. राज्य आयोगाने अडीच लाखांच्या आसपास भरपाई दिली. राष्ट्रीय आयोगाने ती काढून घेतली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, एप्रिल १९९५ मध्ये न्या. जीवन रेड्डी यांनी निकाल लिहिला आणि उद्योजक हरला.

हरला, पण निकाल वाचण्यासारखा आहे. कोर्ट म्हणतं, वस्तूची किंमत बघू नका, ती कशासाठी घेतली ते बघा. रिक्षा घेऊन स्वतः चालवतो तो ग्राहक. रिक्षा घेऊन पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती सोपवतो तो नाही. मदतीला एकदोन माणसं असली म्हणून बिघडत नाही. या उद्योगाचं मशीन त्या मापात बसलं नाही, एवढंच. दिवाणी दाव्याचा रस्ता त्याला मोकळा ठेवला.

आणि वॉरंटी? तिथे एक मागचं दार होतं. राष्ट्रीय आयोग बरेचदा म्हणायचा की मशीन व्यापारी हेतूचं असलं तरी वॉरंटी ही विक्रेत्याने कबूल केलेली सेवा आहे, आणि सेवेच्या व्याख्येत व्यापारी हेतूचा अपवाद नाही. म्हणजे वॉरंटीच्या काळात बिघाड झाला तर तुम्ही सेवेचे ग्राहक! मला ही युक्ती फार आवडली. पण २००२ च्या दुरुस्तीने तो अपवाद सेवांनाही लावला. ती लागू झाली १५ मार्च २००३ ला. दार बंद. त्यामुळे जुन्या प्रकरणांत ही तारीख कळीची ठरली.

यानंतर सगळा भार पुन्हा त्या १९९३ च्या स्पष्टीकरणावर आला. २०१८ मध्ये पॅरामाउंट डिजिटल कलर लॅब विरुद्ध आगफा इंडिया या प्रकरणात दोन बेरोजगार पदवीधरांनी भागीदारीत फोटो छापायचं मशीन घेतलं होतं. सुप्रीम कोर्टाने त्यांना ग्राहक मानलं, कारण पोटापाण्यापलीकडे व्यापार होता असं काही समोर आलंच नाही. २०१९ च्या नव्या कायद्यातही हे स्पष्टीकरण राहिलं आहे.

तर श्रोतेमित्रा, तुझ्या प्रश्नाकडे. मशीन तू स्वतः खांद्यावर घेऊन सोसायट्यांमध्ये फिरतोस, सोबत एक पोरगा आहे, घर त्यावरच चालतं? मग तक्रारीत हे पहिल्याच पानावर लिही, कारण कंपनीचा वकील पहिला हल्ला तिथेच करणार. आणि दोन वर्षांच्या आत दाखल कर. पाच मशीनं आणि पगारी टीम असेल, तर मात्र १९३० चाच कायदा उघडावा लागेल.